स्क्रीन टाइमचा आकडा बाजूला ठेवा

रोजची सरासरी सहा तास दिसली की माणूस घाबरतो, तीन-चार अ‍ॅप उडवून टाकतो, आणि आठवडा संपायच्या आत तीच अ‍ॅप पुन्हा फोनवर येतात. याचा दोष बहुतेक जण इच्छाशक्तीवर ढकलतात. खरी अडचण अशी की फोन त्या माणसासाठी नेमकं कोणतं काम करत होता, हे पाहायच्या आधीच उपाय ठरलेला असतो.

तासांवरून फारसं काही कळत नाही. दिवसभर फोनवरच ऑर्डरी घेणाऱ्याचे सात तास आणि रात्री एक ते तीन रील्स बघणाऱ्याचे दोन तास यांत चिंतेचे कोणते, हे वेगळं सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 मध्ये, म्हणजे 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात, ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे. तिच्या निकषांत तासांची मर्यादा कुठेच नाही. तिथे तीन गोष्टी बघतात: खेळण्यावरचा ताबा सुटला आहे का, बाकी सगळं मागे पडून खेळ पुढे आला आहे का, आणि नुकसान दिसत असूनही ते चालूच आहे का. तेही साधारण 12 महिने. सोशल मीडियाचं किंवा रील्सचं व्यसन असा स्वतंत्र आजार त्या यादीत नाही, त्यामुळे घरातल्या मुलाला ‘व्यसनी’ म्हणताना जरा सबुरीने घ्यावं.

‘इंटरनेट व्यसन’ या शब्दाची सुरुवातही गमतीतच झाली. न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ आयव्हन गोल्डबर्ग यांनी 1995 मध्ये इंटरनेट व्यसनाचे निकष थट्टा म्हणून लिहिले होते. पुढच्याच वर्षी किंबर्ली यंग यांनी तो विषय गंभीरपणे घेतला, जुगाराच्या व्यसनाचे निकष जुळवून आठ प्रश्न तयार केले आणि पाचांना ‘हो’ आलं तर अवलंबित्व, असं ठरवलं. वर्णन म्हणून हे ठीक आहे. पण स्पष्टीकरण म्हणून वापरलं की आपण गोल फिरतो: फोन सुटत नाही कारण व्यसन आहे, आणि व्यसन आहे हे कशावरून, तर फोन सुटत नाही.

रिचर्ड डेव्हिस यांची 2001 ची मांडणी जास्त उपयोगी पडते. त्यांनी दोन प्रकार वेगळे केले. एकात माणसाला एकच ठराविक गोष्ट हवी असते, उदाहरणार्थ ऑनलाइन जुगार; नेट नसतं तर ती त्याने दुसरीकडे शोधली असती. दुसऱ्यात ठराविक असं काहीच नसतं, माणूस नुसता ऑनलाइन रेंगाळत असतो, आणि त्यामागे बहुधा एकटेपणा आणि ‘मला किंमत आहे ती इथेच’ असले विचार असतात. स्कॉट कॅप्लन यांनी यात महत्त्वाची भर घातली. समोरासमोर बोलायला घाबरणाऱ्या माणसाला चॅट सोयीचं वाटतं, कारण उत्तर सावकाश देता येतं, खोडता येतं, चेहरा दिसत नाही. ही पसंती आणि मूड सावरायला नेट वापरणं, या दोन वाटांनी माणसाचा स्वतःवरचा ताबा ढिला होत जातो.

आता सगळ्यांना पाठ झालेला मुद्दा: अनिश्चित बक्षीस. फर्स्टर आणि स्किनर या मानसशास्त्रज्ञांच्या 1957 च्या पुस्तकात हे कबुतरांवर सविस्तर दाखवलं आहे. दाणा कधी मिळेल याचा नेम नसला की पक्षी टोचत राहतो. फीड खाली ओढणं याच जातीचं. पण या मुद्द्याला गरजेपेक्षा जास्त भाव मिळतो असं मला वाटतं. बहुतेकांना बांधून ठेवणारी गोष्ट याहून साधी असते, ती म्हणजे सुटका. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत एमपीएससीचा विद्यार्थी राज्यघटनेचं पुस्तक उघडतो, पोटात गोळा येतो, हात फोनकडे जातो, गोळा विरतो. रील भिकार असली तरी चालते. ताण उतरला हेच बक्षीस. ‘मजा येत नाही तरी बघतोय’ या तक्रारीचा अर्धा उलगडा इथे होतो. उरलेला अर्धा रॉबिन्सन आणि बेरिज यांच्या कामात आहे: एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि ती आवडणं या मेंदूत वेगळ्या प्रक्रिया आहेत, आणि डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचा संबंध मुख्यतः हवेपणाशी. ‘डोपामिन डिटॉक्स’वाल्यांनी एवढं तरी वाचावं, डोपामिन म्हणजे उपास करून बाहेर काढायचं विष नव्हे.

मग करायचं काय? आधी सात दिवस फोनच्या वापराची नोंद ठेवा, आणि ती कागदावर. फोनवर ठेवली तर प्रत्येक नोंदीसाठी फोनच उघडावा लागतो. रकाने चार: वेळ आणि जागा, त्याआधी काय करायचं होतं, त्या क्षणीची अस्वस्थता 0 ते 10, फोन ठेवल्यावरची अस्वस्थता 0 ते 10. प्रत्येक अनलॉक लिहू नका, दुसऱ्याच दिवशी कंटाळाल. दहा मिनिटांच्या वर गेलेलेच प्रसंग लिहा. या आठवड्यात वापर कमी करायचा नाही.

मग रकाने वाचा. दुसऱ्या रकान्यात तेच तेच काम येत असेल आणि आकडा 7 वरून 3 वर उतरत असेल, तर ती टाळाटाळ. आकडा आधीही 2, नंतरही 2, आणि जागा नेहमी तीच, उदाहरणार्थ संडास किंवा पलंग, तर ती निव्वळ सवय. घरातलं सगळं आवरून झाल्यावर रात्री अकराला फोन हातात येत असेल, तर बहुधा दिवसभरात स्वतःचा असा तेवढाच वेळ मिळतो आहे. इथे दिवसाची वाटणी बदलल्याशिवाय काही हलत नाही.

सवयीवर उपाय स्वस्त आहे. चार्जर झोपायच्या खोलीबाहेर, गजराला साधं घड्याळ, कॉल सोडून बाकी नोटिफिकेशन बंद, प्रत्येक वेळी लॉग-आउट. टाळाटाळीवर मात्र अ‍ॅप अडवणारा ब्लॉकर चालत नाही. माणूस लॅपटॉप उघडतो, नाहीतर कपाट आवरायला घेतो. तिथे काम बारीक करावं लागतं: ‘घटना वाचायची’ ऐवजी ‘कलम 14 ते 18 एकदा वाचायची, दहा मिनिटं’. आणि मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांच्या पद्धतीचं ‘जर-तर’ वाक्य आधीच लिहून ठेवायचं: ‘वाचताना हात फोनकडे गेला, तर समोरचा परिच्छेद संपवेन आणि मग उठेन.’ ओढ जाणवली की तिच्याशी झगडू नका. तिचा आकडा लगेच, पाच मिनिटांनी आणि दहा मिनिटांनी लिहा. ती चढते आणि उतरते, हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की पटतं.

एकटेपणा असेल तर फोन काढून घेणं घातक, कारण असलेला संपर्कही तुटतो. एकच ओळख निवडून ती मेसेजवरून व्हॉइस नोटवर, मग कॉलवर, मग भेटीवर न्या. पायरी गाळू नका.

आईवडिलांकडून होणारी एक चूक फार महागात पडते. फोन बंद केला की मुलाचा आरडाओरडा पहिले काही दिवस वाढतो. बक्षीस थांबलं की वागणं आधी उसळतं, हे अपेक्षितच असतं. चौथ्या दिवशी शांततेसाठी फोन परत दिला, तर ओरडल्यावर कधीतरी मिळतो, हे मूल शिकतं. म्हणजे अनिश्चित बक्षीस आता घरातच सुरू झालं. पाळता येईल एवढाच नियम करा, रोज एक तास ठरला तर एक तास, पण तो दोघांनीही मोडू नका.

डॅनियल कार्डेफेल्ट-विंथर यांनी 2014 मध्ये सुचवलं की अतिवापराकडे आयुष्यातल्या अडचणींची भरपाई म्हणून बघावं. नैराश्य, एडीएचडी (लक्ष टिकवणं अवघड जाणारी अवस्था) किंवा लोकांची भीती खाली असेल तर वरची पथ्यं तोकडी पडतात. शाळा-कॉलेज सुटलं, झोप उलटी झाली, पैसे चोरीला जाऊ लागले, तर थांबू नका. फोन घेतल्यावर जीव देण्याची भाषा आली तर ती धमकी समजून सोडून देऊ नका, मुलाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत 2014 पासून याच कामासाठी ‘शट’ क्लिनिक आहे. जाताना सात दिवसांचा तो कागद आणि झोपेच्या वेळा बरोबर न्या.