बाबांसोबत हॉक्किएन मीच्या रांगेत

सिंगापूरला येऊन मला आठ वर्षं झाली. कुणीही पाहुणे आले की मी त्यांना एकदा तरी हॉक्किएन मी खायला नेते. (इथे ‘मी’ म्हणजे नूडल्स.) यंदा वेंगुर्ल्याहून बाबा आले होते. जन्मभर ताजं म्हावरं खाल्लेला माणूस, त्यांना हे खिलवायचंच असं मी आधीच ठरवलं होतं.

पण ते तिसऱ्या खेपेला जमलं. पहिल्यांदा गेलो तो सोमवार, स्टॉलचं शटर खाली. दुसऱ्या दिवशी दीड वाजता पोचलो, तर समोरच ‘सोल्ड आउट’ची पाटी. हे नीट समजून घ्यायला हवं. हॉकर सेंटर, म्हणजे एका छपराखाली भरलेले खाण्याचे स्टॉल, रोज उघडं असलं तरी प्रत्येक स्टॉलची सुट्टी वेगळी असते, आणि चांगला स्टॉल वेळेवर नाही, माल संपला की बंद होतो. या पदार्थाचा तर सगळा जीव रश्शात. सकाळी उकळलेला रस्सा संपला की नूडल्स उरल्या तरी काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही अकरालाच निघालो. ओल्ड एअरपोर्ट रोड फूड सेंटरला डकोटा स्टेशनावरून चालत जाता येतं. वाटेत बाबांनी रस्त्याच्या नावाचं विचारलं. इथे खरंच विमानतळ होता: कलांग विमानतळ 1937 साली सुरू झाला, 1955 साली बंद झाला आणि नंतर रस्ता धावपट्टीवरून गेला. स्टेशनाला नाव मिळालं ते डकोटा विमानाचं.

आत गेल्यावर आधी जागा धरायची. टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलं की ती खुर्ची तुमची. याला इथे ‘चोप’ करणं म्हणतात, आणि ते पाकीट कुणी हलवत नाही. बाबांनी विश्वासच ठेवला नाही. ते पाकिटाशेजारी बसून राहायला निघाले होते, मी त्यांना ओढून रांगेत आणलं, कारण खरी गंमत रांगेतच आहे.

आमच्यापुढे अठरा माणसं. दहा मिनिटं रांग जागची हलली नाही आणि मग एकदम सहा जण पुढे सरकले. नवख्या माणसाला वाटतं, इथे काम अडलंय. तसं नसतं. स्टॉलवाले अंकल एका वेळी एक घाणा काढतात, म्हणजे पाच-सहा प्लेट्स. घाणा उतरला की रांग सरकते. पुढची माणसं मोजून सहाने भागा, किती घाणे थांबायचं ते कळतं.

दुसऱ्या घाण्याला आम्ही कढईच्या अगदी समोर पोचलो. भली मोठी लोखंडी कढई, खाली भडकलेली आच. चरबीत अंडी फुटली, चर्र आवाज झाला. त्यावर पिवळ्या अंड्याच्या नूडल्स आणि तांदळाच्या पांढऱ्या जाड शेवया एकत्र पडल्या. अंकलनी त्या झाऱ्याने दाबून, पसरून कढईला थोड्या लागू दिल्या. तोच किंचित करपट वास शेवटपर्यंत टिकतो. मग लसूण, आणि मग शेजारच्या पातेल्यातून डावावर डाव रस्सा. कोळंबीची डोकी, कवचं आणि डुकराची हाडं तासन्‌तास उकळून काढलेला, दाट, मळकट नारिंगी. वर लाकडी झाकण.

अंकल हात पुसत उभे राहिले. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. माझ्या मते सगळा पदार्थ या दोन-तीन मिनिटांत होतो: नूडल्स रस्सा पिऊन घेतात. झाकण काढल्यावर कोळंबी, माकुलाच्या चकत्या, मुगाचे लांब मोड आणि लसणाच्या वासाची हिरवी पात आत गेली, चार हात मारले आणि घाणा उतरला.

बाबा बराच वेळ पातेल्याकडे बघत होते. ‘‘आपण ही डोकी माडाच्या आळ्यात टाकतो गो,’’ ते म्हणाले.

डुकराचं मी त्यांना घरीच सांगितलं होतं. ज्यांना चालत नाही त्यांनी इथे ‘नो पोर्क’ म्हणून भागत नाही, कारण चरबी आणि हाडं मुळातच आहेत. मुसलमान चालवतात त्या स्टॉलवर डुकराशिवायचा प्रकार मिळतो. बाबांनी विचार करून ‘‘रस्सा चालेल, तुकडे नकोत’’ असं ठरवलं होतं. डुकराच्या मांसाच्या पट्ट्या त्यांनी प्लेटच्या कडेला काढल्या, मी खाल्ल्या.

ऑर्डर किमतीने सांगायची. ‘‘अंकल, सिक्स डॉलर, टू. वन मोअर दापाओ.’’ दापाओ म्हणजे पार्सल, जावयासाठी. ‘‘चिली वॉन्ट?’’ हो म्हणायचंच. सांबल, म्हणजे मिरचीची चटणी, बाजूला मिळतं, सोबत छोटं हिरवं लिंबू, कलमन्सी. आधी ते सगळ्यावर पिळायचं, सांबल मात्र घासाघासाला थोडंसं. सगळं एकदम कालवलं तर रस्सा हरवतो.

काही स्टॉलवर हा प्रकार अगदी कोरडा करतात आणि त्यालाही चाहते आहेत. मला ओलाच पटतो. तळाशी दोन चमचे दाट रस्सा उरला नाही, तर कोळंबी कितीही मोठी असो, पाऊण तास रांगेत उभं राहण्यात अर्थ नाही.

बाबांनी पहिल्या घासाला पांढरी शेवई बोटाने उचलून बघितली. ‘‘अगो, हे तर शिरवाळेच!’’ दिसायला खरंच तसे. आमच्याकडे ते नारळाच्या गोड रसात बुडतात, इथे कोळंबीच्या. पुढे ते काहीच बोलले नाहीत, आणि माशाच्या जेवणावर बाबा गप्प बसले की काय समजायचं ते मला लहानपणापासून माहीत आहे.

प्लेट रिकामी झाल्यावर त्यांनी विचारलं, ही माणसं आधी कुठे बसायची? रस्त्यावरच. 1968 पासून सरकारने फेरीवाल्यांची नोंदणी केली आणि 1986 पर्यंत त्यांना अशा सेंटरांत आणलं. नळ, गटार, छप्पर दिलं. या हॉकर संस्कृतीला 2020 साली युनेस्कोच्या यादीत जागा मिळाली. बाबांना आमच्या बाजारात उन्हात बसणाऱ्या कोळणी आठवल्या असाव्यात. ‘‘छप्पर तरी हवंच,’’ एवढंच म्हणाले.

ट्रे आपण उचलून ठेवायचा असतो, 2021पासून तो नियमच आहे. बाबांनी दोन्ही ट्रे उचलले, मला हात लावू दिला नाही.

पार्सल मिळालं ते पानासारख्या जाड, तपकिरी आवरणात. इथे त्याला ‘ओपे’ म्हणतात. बाबांनी ते हातात घेतलं, वास घेतला, नखाने कड खरवडली. ‘‘ही आपल्या पोफळीची विरी!’’ गाडीत सगळा वेळ ती पुडी त्यांच्या मांडीवर होती. गरम नूडल्समुळे विरीला सुटणारा तो ओलसर, लाकडी वास आमच्या आजूबाजूला दरवळत होता.

रात्री जावयाने चाटूनपुसून खाल्लं. सकाळी उठले तर बाल्कनीत, कपड्यांच्या चिमट्याला, धुऊन स्वच्छ केलेली विरी वाळत लावली होती.