खोडलेली ओळ

‘दहा दिवस कडकडीत बंद’ ही ओळ मी प्रोसिडिंगच्या वहीत आधीच लिहून ठेवली होती. मे 2021 चा पहिला आठवडा. गावात कोरोनाचे एकोणीस पेशंट. आदेशाप्रमाणं किराणा सकाळी 7 ते 11 चालू होता, पण शेजारच्या दोन गावांनी जनता कर्फ्यू लावलेला. ग्रामसेवक म्हणून आपलं गाव मागं पडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात.

पिंपळाखाली दक्षता समिती बसली. अण्णांचा आवाज सगळ्यांत चढा. “दूध सोडून समदं बंद. गिरणीसुद्धा!” दूध का सोडायचं, हे कुणी विचारलं नाही. बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या गोठ्यात जर्सी गाई.

“मग खायचं काय?” मागून आशाताई म्हणाल्या.

“धा दिवसांचं पीठ असतंय की घरात.”

“तुमच्यात असतंय.”

मी मान खाली घातली. सकाळीच गिरणीसमोरून एका म्हातारीला मी परत पाठवलं होतं. डालड्याच्या डब्यात रेशनचे गहू, जेमतेम दोन किलो. “अकरा वाजून गेले, आजी.” ती काही बोलली नाही. डब्यावर पदर टाकला आणि वळली.

ताईंनी सर्व्हेची वही उघडली. एकोणीसपैकी चौदा जण चारच घरांतले. “एका खोलीत सहा माणसं, संडास एक. दुकानं बंद करून हे थांबणार व्हय? पेशंट बाहेर काढा. शाळा रिकामीच हाय.”

आता अण्णा गप्प. यादीत त्यांचा धाकटा भाऊ होता.

“त्यो माडीवर असतोय. आमच्यात खोल्या मायंदाळ हायेत.”

“काल डेअरीत कॅन घेऊन दिसला,” पोलीस पाटील सहज बोलल्यासारखं बोलले.

त्यानंतर दोन तास जे भांडण झालं, त्यातलं अर्धं वहीत लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी ठरलं ते असं : गिरणी सकाळी दोन तास, डब्यावर नाव टाकून ठेवून जायचं, पीठ संध्याकाळी न्यायचं. दुकानं आदेशाप्रमाणंच. शाळेच्या दोन खोल्या पेशंटांना, जेवण घरून. दोन्ही खोल्यांना मिळून ताईंचा एकच ऑक्सिमीटर. माझी ओळ खोडून शेजारी सही केली. वहीत खाडाखोड ऑडिटला चालत नाही.

संध्याकाळी शाळेत पहिला आला तो अण्णांचा भाऊ, गादी डोक्यावर घेऊन.

“भाऊसाहेब, पंखा चालतोय न्हवं?”

दोनपैकी एक चालत होता. मी त्याला त्याच्याखालची जागा दाखवली.