क्रूझवरच्या टिपा: सहा जणांचा हिशोब आम्ही कसा लावला

क्रूझला जायचं ठरलं की आमच्याकडं चर्चा होते ती व्हिसाची, कपड्यांची आणि शाकाहारी जेवण नीट मिळतंय का याची, टिपांचा विषय मात्र शेवटच्या रात्रीपर्यंत कोण काढत नाही. आम्ही तो सगळ्यात आधी काढला. कारण माणसं सहा, मी, नवरा, दोन मुलं आणि सासू-सासरे, आणि सिंगापूरहून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूर अशी चार रात्रींची रॉयल कॅरिबियनची क्रूझ. बेळगावातल्या एजंटनं जे कोटेशन पाठवलं त्यात भाडं होतं, पोर्टचा टॅक्स होता आणि एकदम खाली बारीक अक्षरात "ग्रॅच्युइटी एक्स्ट्रा", म्हणजे टिपा वेगळ्या, एवढंच. एक्स्ट्रा म्हणजे किती हो, असं विचारलं तर म्हणाले ते तुमच्या मर्जीवर असतंय मॅडम, शंभर-दोनशे डॉलर हाताशी ठेवा की झालं.

मर्जीचा भाग त्यात फार थोडा आहे. कंपनीच्या वेबसाईटवर सरळ लिहिलेलं असतंय, आम्ही बघितलं तेव्हा साध्या खोलीला माणशी दर दिवसाला 18.50 डॉलर आणि स्वीटला, म्हणजे मोठ्या महागड्या खोलीला, 21 डॉलर, आणि हे पैसे आपोआप आपल्या खात्यात लागतात, कोण येऊन मागत नाही. मुलांनाही तेवढाच दर. अर्धं तिकीट वगैरे प्रकार नाही. म्हणजे साडेअठरा गुणिले सहा माणसं गुणिले चार दिवस, 444 डॉलर झाले, आणि डॉलर 86 रुपयांनी धरला तर 38 हजारांच्या वर. हा दर वाढतही जातो, नोव्हेंबर 2023 मध्ये तो 16 चा 18 झाला होता, त्यामुळं कोणी दोन-तीन वर्षांपूर्वी जाऊन आलेलं असेल तर त्यांचा आकडा धरून चालू नका.

आता 38 हजार ऐकल्यावर घरात शांतता. सासऱ्यांचं म्हणणं अगदी साधं होतं आणि मला ते चूकही वाटलं नाही, की दिवाळीला पोस्त आपण पोस्टमनला देतो, गॅसवाल्याला देतो, ते आपल्या खुशीनं देतो, आणि हे आधीच कापून घेणार असतील तर ती बक्षिसी कसली, ही तर पट्टीच झाली. त्यात नात्यातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकांनी लिहिलं की पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन सांगायचं, काढून टाका, ते निमूट काढतात, आम्ही तसंच केलं होतं. हे खरं आहे, गेस्ट सर्व्हिसेसला जाऊन ती रक्कम कमी करून घेता येते किंवा काढूनही टाकता येते.

मी मग नंदगडच्या माझ्या मावसभावाला फोन लावला. आपल्या खानापूर तालुक्यातली, तिकडं चंदगडची कितीतरी पोरं आधी गोव्याच्या हॉटेलात लागतात आणि तिथून कोर्स करून, सीडीसी म्हणजे जहाजावर काम करायला लागणारं पुस्तक काढून जहाजावर जातात, हाही तसाच गेलेला, लाँड्रीत होता. म्हणाला, ताई, ज्यांनी कोणी ते पैसे काढा म्हणून सांगितलंय त्यांनी लाँड्रीवाला बघितलेला नसतोय. खोलीवाला दिसतो, वेटर दिसतो, त्यांना लोक हातात काहीतरी देतातच, पण तुमच्या सहा जणांचे टॉवेल, चादरी, टेबलावरची कापडं खाली धुतंय कोण, रात्री दोनला भांडी घासतंय कोण, ती माणसं कोणाच्या समोरच येत नाहीत आणि त्यांचा वाटा येतो तो ह्या रोजच्या पैशातनंच. सहा-सहा, नऊ-नऊ महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, आणि त्यात रविवार नसतोय. जहाजावरच्या कामगारांसाठी 2006 चा आंतरराष्ट्रीय करार आहे, एमएलसी म्हणतात त्याला, 2013 पासून लागू झालाय, त्यातसुद्धा चोवीस तासांत कमीत कमी दहा तास विश्रांती आणि आठवड्याला कमीत कमी 77 तास विश्रांती अशी मर्यादा घातलीय, आता उलटं मोजून बघा कामाचे तास किती होऊ शकतात ते. मी फोन स्पीकरवर ठेवला होता. सासऱ्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, मग भरा की आधीच, तिथं जाऊन घोळ नको.

तर आमचा पहिला निर्णय झाला की रोजचे पैसे पूर्ण भरायचे आणि ते इथूनच. याला प्रीपेड ग्रॅच्युइटी म्हणतात. एजंटला सांगितलं तर आधी म्हणाले तिथं जहाजावर लागेल ते लागेल, कशाला आत्ता, पण मी धरूनच बसले की इन्व्हॉइसमध्ये सहाही नावांसमोर ती वेगळी ओळ मला दिसली पाहिजे. दोन कारणं होती. एक म्हणजे जहाजावर तुम्ही जे कार्ड जोडता त्याच्यावर सगळा खर्च डॉलरमध्ये पडतो आणि आपल्या क्रेडिट कार्डवाल्या बँका त्याच्यावर फॉरेक्स मार्कअप, म्हणजे परकी चलनासाठीचा जादा आकार, लावतात, वर त्या मार्कअपवर जीएसटी. दुसरं, सुट्टी संपताना शेवटच्या रात्री चारशे-साडेचारशे डॉलरचं बिल समोर येतं तेव्हाच माणसाला ते काढून टाकायची बुद्धी होते, आधी भरलेलं असलं की तो प्रश्नच उरत नाही. आणि एक, खर्चाच्या हमीसाठी ते कार्डावरची रक्कम अडवून ठेवतात, त्याला होल्ड म्हणतात, त्यासाठी आधी पैसे भरून घेतलेलं फॉरेक्स कार्ड कधी देऊ नका, तेवढे पैसे अडकून बसतात आणि परत सुटायला दिवस लागतात, तिथं क्रेडिट कार्डच बरं.

नोटांचं सांगायचं तर बेळगावात मनी चेंजरकडं आम्हाला सगळ्या शंभरच्या नोटा मिळाल्या, पाच-दहाच्या मागितल्या तर नाहीत म्हणाले. मग जहाजावर चढल्या दिवशीच गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर एक शंभरची मोडून घेतली. हे पहिल्याच दिवशी करा, शेवटच्या संध्याकाळी त्या काउंटरसमोर जी रांग असते ती बघवत नाही.

जहाजावर काही विकत घ्यायला रोख चालत नाही, सीपास म्हणून कार्ड देतात खोलीच्या किल्लीसारखं, सगळं त्याच्यावर. बारमध्ये मुलांनी मॉकटेल घेतलं, पावती आली, त्यात किमतीच्या खाली 18 टक्के ग्रॅच्युइटी आधीच लावलेली आणि त्याच्या खाली आणखी एक मोकळी ओळ, जादाची टीप लिहायला. नवरा पेन घेऊन तिथं दोन डॉलर लिहायला लागला होता, मी म्हणलं थांबा, वरची ओळ वाचा. दहा डॉलरच्या ग्लासला एक डॉलर ऐंशी सेंट आधीच गेलेले असतात. स्पाला तसंच, आणि ड्रिंक पॅकेज घेतलं तर त्याच्या किमतीवर पण 18 टक्के. ती मोकळी ओळ भरलीच पाहिजे असं नाही, तिथं रेघ मारून सही केली तर कोणी तोंड वाकडं करत नाही.

आता हातानं द्यायच्या टिपांचं, आणि ह्याच्यात माझं मन जास्त गुंतलं होतं. रोजचे पैसे भरले म्हणजे तुमचा हिशोब कंपनीपुरता पुरा झाला, त्यावर एक पैसा दिला नाही तरी चालतं. पण आमच्या दोन्ही खोल्या बघणारा इंडोनेशियाचा मुलगा, सासऱ्यांना गुडघ्याचा त्रास आहे हे आम्ही कोणी त्याला सांगितलेलं नव्हतं, ते धरून धरून चालतात हे बघून दुसऱ्या दिवशी त्यानं पायाखाली घ्यायला जादाची उशी ठेवली आणि बाथरूमच्या वाटेतलं ते गोल टेबल उचलून सोफ्याच्या पलीकडं नेऊन ठेवलं, रात्री उठले तर अडखळू नयेत म्हणून. असं काम करणाऱ्याला नुसतं थँक्यू म्हणून निघून यायचं हे माझ्याच्यानं झालं नसतं.

डायनिंगला आमचं टेबल ठरलेलं, एक वेटर आणि त्याच्या हाताखाली असिस्टंट. असिस्टंट निघाला काणकोणचा. सासूबाईंचं मराठी कानावर पडल्यावर तो प्लेट ठेवता ठेवता थांबलाच, म्हणाला मावशी, बेळगावची काय तुम्ही, आमची अर्धी भाजी तुमच्याकडनं चोर्ला घाटातनं येते. त्यानंतर सासऱ्यांच्या पुढ्यात रोज रात्री न मागता दहीभात आणि तळलेली मिरची. मेनूवर नव्हतं ते, वेटर किचनमध्ये जाऊन सांगून आणायचा.

देण्यासाठी पाकिटं सासूबाईंनी गणपत गल्लीतनं आणली होती, आपली लग्नात देतो तीच, वर रुपयाचं नाणं चिकटवलेली. मी म्हणलं आई, त्या रुपयाचं ते काय करणार तिकडं. म्हणाल्या, असू दे ग, मोकळं पाकीट देऊ नये. खोलीवाल्याला 30 डॉलर, वेटरला 20 आणि असिस्टंटला 20 असे घातले, हे काही नियमाचे आकडे नाहीत, आमच्या खिशाला झेपले तेवढे. मुलांनी आतल्या चिठ्ठीवर प्रत्येकाचं नाव आणि काय काय आवडलं ते लिहिलं. खोलीवाल्याला सासूबाईंनी गोकाकच्या करदंटाचं सीलबंद पाकीटपण दिलं, पण पैशाच्या जागी नाही, पैशाबरोबर. खाऊ देऊन टीप वाचवायची हे बरोबर नाही, त्याला घरी पैसे पाठवायचे असतात.

हे सगळं शेवटच्या रात्री द्यायचं. उतरायच्या दिवशी सकाळी एवढी गडबड असते, बॅगा आदल्या रात्रीच दाराबाहेर गेलेल्या, नाश्त्याला वेगळीच माणसं, तेव्हा ज्याला द्यायचंय तो सापडेलच असं नाही. आम्ही शेवटच्या जेवणानंतर टेबलावरच दोघांना दिली. काणकोणच्या पोरानं पाकिटावरचा रुपया बघितला, अंगठा फिरवला त्याच्यावरनं, आणि वाकून सासूबाईंच्या पाया पडला भर डायनिंगमध्ये. सासरे ताठ बसलेले, पण मग त्यांनी स्वतःच्या शर्टाच्या खिशातनं पाचशेची आपली नोट काढून त्याच्या हातात दाबली, म्हणाले हे सुट्टीवर येशील तेव्हा घरी. आपल्याकडच्या मुलाला रुपये चालतात, बाकीच्यांना देऊ नका, त्यांना ते बदलून मिळणं अवघड.

किनाऱ्यावर उतरून ज्या टूर केल्या त्यांचा गाईड आणि ड्रायव्हर ह्या 18.50 मध्ये येत नाहीत, त्यांना वेगळं द्यायचं. सिंगापूरच्या हॉटेलात मात्र बिलातच 10 टक्के सर्व्हिस चार्ज असतो, तिथं वर काही द्यायची पद्धत नाही.

माझे धाकटे दीर आता दुसऱ्या कंपनीचं बघतायत, त्यांची मुलगी दीड वर्षाची आहे. त्यांना सांगितलंय की मुलांचा नियम कंपनीगणिक वेगळा असतो, कार्निव्हलला दोन वर्षांखालच्या मुलांना लागत नाही, नॉर्वेजियनला तीन वर्षांखालच्या, आणि ब्रिटनच्या पी अँड ओ क्रूझेसनी तर मे 2019 पासून हे रोजचे पैसे घेणंच बंद केलं, भाड्यातच धरलंय. म्हणून एजंटला विचारताना वय सांगून, माणशी, दिवसाला, असं विचारायचं आणि लेखी घ्यायचं.

घरी आल्यावर कंपनीचा सर्व्हेचा मेल येतो, बहुतेक जण उघडतच नाहीत. मावसभावानं बजावून सांगितलं होतं की त्यात नाव घेऊन कौतुक केलं तर ते त्या माणसाच्या वरच्या साहेबापर्यंत जातंय. मी एका संध्याकाळी सासऱ्यांना शेजारी बसवून तो भरला, ते सांगत गेले आणि मी टाईप करत गेले, तिघांची नावं, डिपार्टमेंट, खोली नंबर, टेबल नंबर, उशी, टेबल, दहीभात, सगळं.