बाही बसत नाही

नवा ब्लाउज आरशासमोर घालून बघताना हात खाली सोडलेले असतात. तेव्हा तो झकास बसतो. मग वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उचलावा, तर अख्खा ब्लाउज वर चढतो आणि काखेत काचतो. शिंप्याकडे नेला की तो म्हणतो, "मुंढा जरा मोकळा करून देतो," आणि मुंढा, म्हणजे बाही जोडायचं अंगाच्या कापडातलं भोक, खाली उतरवतो. झालं, दुखणं वाढलं. मुंढा जितका खाली, तितकं हातासोबत अंगाचं कापड जास्त ओढलं जातं. मुंढा लहान आणि काखेच्या जवळच हवा. मोकळेपणा द्यायचा तो बाहीच्या रुंदीत.

बाहीचं गणित दिसायला सोपं, पण ते पुरतं कधी सुटत नाही. वरच्या गोलाईला उंची जास्त दिली तर सोडलेल्या हातावर बाही सुरेख पडते आणि हात उचलला की अडते. उंची कमी केली तर हात मोकळा, पण खाली आला की काखेत झोल. शिवाय गोलाई मुंढ्यापेक्षा लांबच कापायची असते, लोकरी कोटाला 3-4 सेंटिमीटर. ही जास्तीची लांबी कच्च्या टाक्यांवर सारखी वाटायची आणि वाफेच्या इस्त्रीने जिरवायची. लोकर जिरते, कडक रेशीम ऐकत नाही, तिथे चुण्या उठतात. त्यात माणसाचा हात खांद्यातून किंचित पुढे झुकलेला असतो. बाही सेंटिमीटरभर मागे फिरलेली लागली तरी दंडावर तिरक्या घड्या पडतात.

या एका जागेने ज्याला आयुष्यभर छळलं, तो फॅशन डिझायनर क्रिस्तोबाल बालेन्सियागा. जन्म 1895, स्पेनच्या बास्क किनाऱ्यावरचं गेतारिया. वडील दर्यावर्दी, ते लवकर गेले. आई शिवणकाम करायची. 1937 मध्ये त्याने पॅरिसला दुकान थाटलं. चित्र काढून बाकीचं कारागिरांवर सोडणाऱ्यांतला तो नव्हता. बेतणं, जुळवणं, शिवणं सगळं त्याला स्वतःच्या हाताने येत होतं. फिटिंगला उभ्या केलेल्या पोशाखाची बाही मनाजोगती नसली की तो ती तिथल्या तिथे उसवायचा. पुन्हा लावायची, पुन्हा उसवायची.

फॅशनच्या दुनियेतल्या प्रतिभावंतांचं दुःख म्हटलं की आपल्याला ठळक प्रसंग आठवतात. 1960 मध्ये सैन्यात भरती होताच कोसळून इस्पितळात गेलेला इव्ह सँ लोराँ, किंवा 2010 मध्ये आई गेल्यावर नवव्या दिवशी आयुष्य संपवणारा ॲलेक्झांडर मॅक्वीन. बालेन्सियागाच्या बाबतीत असं काही चव्हाट्यावर आलं नाही. त्याचा सोबती व्लाझिओ दात्तँव्हिल 1948 मध्ये वारला, तेव्हा दुकानच बंद करावं असं त्याच्या मनात आलं होतं म्हणतात. केलं मात्र नाही. मुलाखती द्यायच्या नाहीत, गिऱ्हाइकांसमोर यायचं नाही. त्याचे फॅशन शोसुद्धा निःशब्द, संगीताशिवाय. आतली घालमेल दिसलीच तर उसवलेल्या बाहीत दिसायची.

मला वाटतं, परिपूर्णतेचा हट्ट धरणाऱ्या माणसाने नेमकी अशी जागा निवडली होती जिथे परिपूर्ण उत्तर नसतंच. हात स्थिर असता तर असतं.

पळवाटाही त्याने शोधल्या, आणि त्या अफाट होत्या. अंगाच्याच कापडातून बाही काढायची, म्हणजे मुंढ्याची शिवणच नको. मग हात उचलायला काखेत चौकोनी तुकडा लागतो, आपल्या जुन्या सदऱ्यात असतो तसा. तो बसवणं म्हणजे श्वास रोखण्याचं काम. कोपऱ्यातला छेद दोन धागे आधी थांबला तर सुरकुती, एक धागा पुढे गेला तर कापड फाटलंच. मनगटावरच्या बांगड्या दिसाव्यात म्हणून बाही आखूड ठेवायची ही त्याचीच लकब. 1961 मध्ये तर त्याने एकाच शिवणीचा कोट केला. शिवणी कमी केल्या की चुकायच्या जागाही कमी होतात. पण उरलेल्या एका शिवणीवर सगळा भार येतो, हे कुठल्याही शिंप्याला विचारावं.

1968 मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, त्याने पॅरिसचं दुकान बंद केलं. जमाना तयार कपड्यांचा आला होता आणि तयार कपड्यात फिटिंग नसते. त्याच सुमारास एअर फ्रान्सच्या हवाई सुंदरींचा गणवेश मात्र त्याने बेतून दिला. शेकडोंनी शिवायचे, ठरावीक मापांत, आणि एकेकीच्या खांद्याला तो हात लावू शकणार नव्हता. 1969 पासून तो गणवेश वापरात आला. आणि हवाई सुंदरीचं काम काय, तर डोक्यावरच्या फळीकडे दिवसभर हात उचलायचे.