मार्केच्या वाइन आणि माझी निफाडची जीभ

इटलीतल्या मार्के प्रांतात, अँकोनाला राहायला येऊन चार महिने झाले होते. मे महिना होता. नवऱ्याच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर जेसीजवळच्या एका टेकडीवर वाइन चाखायला गेलो. व्हेरदिक्कियो या इथल्या पांढऱ्या वाइनचा ग्लास नाकाशी धरून सगळे एकमुखानं म्हणाले, ‘अकाचा’. मी मनात भाषांतर केलं, अकेशिया म्हणजे बाभूळ, आणि बाभळीच्या पिवळ्या गोंड्यांचा वास त्या ग्लासात शोधत बसले. तो काही सापडेना. मी कबूल केल्यावर मालकीणबाई हाताला धरून मला बांधावर घेऊन गेल्या आणि पांढऱ्या फुलांचा एक लोंबता घोस तोडून दिला. इथे अकाचा म्हणतात ते रोबिनियाचं झाड, बाभूळ नव्हेच. घोसाला मधासारखा गोड वास होता, आणि परत येऊन ग्लास हुंगला तर तोच वास त्यात होता.

त्या दिवशी मी एक वही घातली आणि ठरवलं की दुसऱ्यांचे वास उसने घ्यायचे नाहीत, आपल्या स्वयंपाकघरातले आणि शेतातले लिहायचे. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, घरची थॉम्पसन द्राक्षांची बाग. वाइनमधलं मला काही कळत नव्हतं, पण वेल कळत होती. म्हणून पुढच्या प्रत्येक ठिकाणी मी चव विचारण्याआधी जात कोणती, खोड किती वर्षांचं, छाटणी कधी, एवढं विचारायला लागले. तिथून मार्के मला उलगडत गेलं.

टस्कनी नि उंब्रियाच्या पूर्वेला, अपेनाइन डोंगर आणि एड्रियाटिक समुद्र यांच्यामधला हा प्रांत. टस्कनीचं नाव जगभर, याचं शेजाऱ्यांनासुद्धा नीट माहीत नाही. पूर्वी इथली शेती बटईनं चालायची: जमीन मालकाची, राबणारं कुटुंब कुळाचं, पीक अर्धं अर्धं. अशा घराला थोडं थोडं सगळंच पिकवावं लागतं, म्हणून गहू, मका, ऑलिव्ह आणि बांधावरच्या मेपलच्या झाडांवर चढवलेली द्राक्षवेल असं एकत्र असायचं. प्रत्येक खोऱ्यात आपापली जात टिकून राहिली, त्यामागे हेही एक कारण असणार असं मला वाटतं.

नद्या डोंगरातून निघून सरळ समुद्राकडे जातात, त्यामुळे बहुतेक खोरी समुद्राकडे उघडी. मातेलिकाचं खोरं तेवढं वेगळं. ते उत्तर-दक्षिण पसरलेलं आणि दोन्ही बाजूंनी डोंगरांनी कोंडलेलं. समुद्राचा वारा तिथे पोचत नाही, दिवस तापतो, रात्र गार पडते. व्हेरदिक्कियो जात तीच, पण जेसीकडची तोडणी सप्टेंबरात उरकते तेव्हा मातेलिकाचे घड अजून वेलीवर असतात. दोन्हीकडची वाइन शेजारी शेजारी ठेवून चाखली तेव्हा वहीत जेसीपुढे मी लिहिलं: ‘सोललेला ओला बदाम, शेवटी कडसर’. मातेलिकापुढे: ‘बडीशेप, लिंबाची साल, आंबटपणा जिभेच्या कडांना धरून राहतो’. हा आंबटपणाच या जातीची ताकद आहे. एका ठिकाणी बारा वर्षांची बाटली उघडली. रंग तुपासारखा झालेला, पण चव अजून ताठ. पांढरी वाइन लवकर संपवायची असते, हा माझा समज तिथे गळून पडला.

व्हेरदिक्कियोबद्दल इथली जुनी माणसं जरा दुखावलेली असतात. 1953 साली फाझी बात्ताल्या कंपनीसाठी अँटोनियो मायोक्की या आर्किटेक्टनं तिची सुरईच्या घाटाची हिरवी बाटली काढली. बाटली जगभर गेली, आणि लोकांना आतल्या वाइनपेक्षा तो आकारच लक्षात राहिला.

माहेरी बाग सांभाळणाऱ्या नानांना मी दर रविवारी व्हिडिओ कॉल करून इथल्या बागा दाखवायची. सगळ्यात जास्त ते बोलले लाक्रिमावर. मोर्रो द’आल्बा नावाचं तटबंदीचं गाव आहे, त्याच्या आसपास होणारी ही काळी जात. लाक्रिमा म्हणजे अश्रू. मणी पिकला की साल तडकते आणि रसाचा थेंब बाहेर येतो, म्हणून हे नाव. मणी तडकणं म्हणजे आमच्याकडे तोंडचं पाणी पळवणारी गोष्ट. फेब्रुवारीत अवकाळीचा एक शिडकावा झाला तरी नाना रात्रभर जागे असतात. ते फोनवर बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, “तडकतो म्हून त्यांनी ती जात टाकून नाही दिली, बाई?” खरं तर जवळजवळ टाकलीच होती. 1985 साली तिला डीओसी मिळालं, म्हणजे गावांची हद्द, द्राक्षाची जात आणि करण्याची रीत कायद्यानं बांधून दिली, तेव्हा फार थोडे वेल उरले होते. आज ती वाइन ग्लासात ओतली की गुलकंदाची बरणी उघडल्यासारखं होतं. एरवी वाइनच्या वासाबद्दल मी जपून बोलते, पण इथे शंकाच नाही: गुलाब, आणि खाली थोडी मिरी.

कोनेरोबद्दल थोडक्यात. अँकोनाच्या दक्षिणेला समुद्रात घुसलेला चुनखडीचा डोंगर, त्याच्या उतारांवर मोंतेपुल्चानो नावाची काळी जात. टस्कनीत त्याच नावाचं गाव आहे, पण त्या गावची प्रसिद्ध वाइन सांजोव्हेझे या दुसऱ्याच जातीची. यात मी दोनदा फसले. कोनेरोची वाइन दाट आणि तुरट असते. मटणाच्या रश्शाबरोबर आम्ही ती घरी प्यायलो आणि दोघांनाही पटली.

सेर्रापेत्रोनाला मात्र मी तीनदा गेले. मातेलिकाहून डोंगर ओलांडून पलीकडे हे छोटंसं गाव. तिथल्या व्हेरनाच्चा नेरा या काळ्या जातीची लाल, फसफसणारी वाइन करतात. तोडणीनंतर निम्म्याच्या आसपास घड लगेच गाळायला जातात. बाकीचे माळ्यावर टांगून किंवा ट्रेमध्ये पसरून महिनोन् महिने सुकवतात. डिसेंबरात मी त्या माळ्यावर उभी होते. खिडक्या उघड्या, गार वारा आरपार, आणि घडांवर सुरकुत्या पडायला लागलेल्या. तो वास मला लहानपणापासून ठाऊक होता, पिंपळगावच्या बेदाण्याच्या शेडचा. फरक एवढाच की आमचा बेदाणा उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पंधरा-वीस दिवसांत तयार होतो आणि यांना थंडीत धीर धरावा लागतो. जानेवारीत हे सुकलेले घड गाळून त्यांचा रस आधीच्या वाइनमध्ये घालतात, ती पुन्हा आंबते. फेस यावा म्हणून तिसऱ्यांदा आंबवतात. गोड प्रकार इथे कोरड्या बिस्किटांबरोबर देतात, तोही चांगला. माझी पसंती कोरड्याला. मनुका आणि काळी मिरी एकदम तोंडात टाकल्यासारखी.

या फिरण्यात सगळं जमलंच असं नाही. एका वाइनरीत ईमेलवर वेळ ठरवून, गाड्या बदलत, शेवटचे तीन किलोमीटर चालत गेलो आणि दाराला कुलूप. फोन कुणी उचलला नाही. उन्हात तासभर थांबून परतलो. मला वाईट वाटलं, आजही वाटतं. त्यानंतर आदल्या दिवशी फोन करून खात्री केल्याशिवाय मी निघाले नाही. दुपारी साडेबारा ते साडेतीन कुणाकडे जायचं नाही, आणि गाडी चालवणाऱ्यानं प्रत्येक घोट थुंकायचा, हेही तसंच शिकले. थुंकायला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. घरात अन्न थुंकलं तर आई रागवायची.

मातेलिकाला ऑक्टोबरात तोडणी बघायला गेले तेव्हा मी कात्री मागितली. मालक भला माणूस, पण स्पष्ट नाही म्हणाला. नोंद केल्याशिवाय कुणालाही कामाला लावलं तर त्याला जबर दंड होऊ शकतो. मी ओळींच्या कडेनं चालत राहिले. घड उचलताना खालून हाताचा आधार द्यायची पद्धत तिथेही तीच होती, मण्यावरची मेणासारखी पांढरट लव पुसली जाऊ नये म्हणून आम्ही देतो तशी. एका तोडणाऱ्या मावशींनी माझ्या ओंजळीत एक घड ठेवला. छोटे, घट्ट बसलेले हिरवट मणी, त्यांवर तपकिरी ठिपके. विरळणी नाही, मणी फुगवायला घड औषधात बुडवणं, म्हणजे डिपिंग, तेही नाही. नाना असते तर म्हणाले असते, हा माल बाजारात कोण घेईल. मी एक मणी चावला. आधी गोडी, मग आंबट, मग बियांचा तुरटपणा. वाइनमध्ये जे जे होतं ते सगळं त्या एका मण्यात आधीच होतं.

दक्षिणेला, आस्कोलीकडे, पेकोरीनो बघायला आम्ही हिवाळ्याच्या अखेरीस गेलो. ही पांढरी जात पिकते लवकर आणि देते कमी, म्हणून लोकांनी ती सोडून दिली होती. 1980 च्या दशकात ग्विदो कोक्की ग्रिफोनी यांनी आर्क्वाता देल त्रोंतोजवळच्या उंचावरच्या जुन्या वेलींच्या काड्या आणून ती पुन्हा लावली. आज पेकोरीनो इटलीभर मिळते. आर्क्वाता मात्र 2016 च्या भूकंपात कोसळलं. जिथून काड्या आल्या त्या गावाचं नाव त्या दिवशी ग्लास हातात असताना मला कळलं, आणि आम्ही दोघं काही वेळ बोललो नाही. मांसाचं सारण भरून तळलेली आस्कोलीची ऑलिव्हं समोर निवत राहिली.

मार्चमध्ये मी पुन्हा मातेलिकाला गेले. बाग छाटून झाली होती आणि प्रत्येक काडीच्या टोकाशी पाण्याचा थेंब. माती ऊबदार झाली, मुळं जागी झाली की असं होतं. इथे त्याला वेलीचं रडणं म्हणतात. निफाडला थंडी पुरेशी पडत नाही, म्हणून ऑक्टोबरच्या गोड छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत यासाठी आम्ही काडीला हायड्रोजन सायनामाइडची पेस्ट लावतो. त्या पेस्टचा उग्र वास माझ्या ऑक्टोबरचा वास आहे. इथे ते काम हिवाळा करतो. मी नानांना फोन लावून कॅमेरा एका थेंबाजवळ नेला. त्यांच्याकडे तोडणी संपत आली होती, मागे क्रेटचा आवाज येत होता.

“पाणी सुटलंय,” ते म्हणाले. “मुळी चांगली चाललीय. आता कॅमेरा जरा वर घे, डोळे किती ठेवलेत ते बघू दे.”

मी कॅमेरा वर घेतला आणि आम्ही दोघं डोळे मोजायला लागलो.