पानादेर्याची पहाट

नोकरीनिमित्त फिलिपिन्समधील केसोन सिटीत बिऱ्हाड थाटले, त्यानंतरच्या पहिल्याच पहाटे भोंग्याच्या आवाजाने जाग आली आणि क्षणभर गोव्यात, आजोळीच असल्याचा भास झाला. खिडकीतून पाहिले, तर सायकलला पेटी बांधून एक जण खरोखरच पाव विकत चालला होता. आमच्या गोव्यातल्या पदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, या भाऊबंदाला तिथे 'पोतपोत' म्हणतात. तो निघून गेला होता, म्हणून मी कोपऱ्यावरची बेकरी, म्हणजेच 'पानादेर्या', गाठली.

काउंटरवरच्या बाईंना सगळे 'आते', म्हणजे ताई, म्हणून हाक मारत होते. मला मात्र दर वेळी 'आत्या'च ऐकू येई. भाषा येत नसल्याने मी बोटानेच मुगाच्या सारणाची होपिया दाखवली. चिनी स्थलांतरितांनी आणलेला हा पापुद्र्यांचा पदार्थ चहाबरोबर इतका रुचला की मी दोन संपवल्या, आणि दुसऱ्या दिवशी कार्यालयात कळले की हे पापुद्रे सुटावेत म्हणून पुष्कळदा डुकराची चरबी वापरतात. मला अंडे चालते, चरबी चालत नाही. पण विचारलेच नव्हते, तर दोष कोणाला द्यायचा?

मग मी एक वाक्य पाठ केले, 'मय बाबोय पो बा इतो?', म्हणजे यात डुक्कर आहे का, आणि त्यातला 'पो' हा आपल्या 'अहो'सारखा आदर दाखवणारा शब्द न विसरता उच्चारला. उत्तर आले, 'वाला पो', नाही. हे उत्तर खरे असले तरी अपुरे होते, कारण त्यांच्या लेखी 'बाबोय' म्हणजे मांस, आणि चरबी ही 'मांतिका', तेलातुपासारखी गोष्ट. 'मांतिका' हा शब्द उच्चारताच आते हसल्या, आत गेल्या आणि दोन डबे घेऊन आल्या. एकात पिवळे मार्गारिन होते, दुसऱ्यात पांढरी चरबी. पांढरा डबा होपियासाठी आणि पिवळा पावांसाठी, हे त्यांनी खुणांनी समजावले, आणि माझा प्रश्न सुटला.

त्यानंतर मी रोज पहाटे जाऊ लागले. पांदेसाल या तिथल्या पावाचे स्पॅनिश नाव 'मिठाचा पाव' असे सांगते, पण तो चवीला चक्क गोडसर असतो. पिठाची काठीसारखी लांब वळी करून तिचे पत्र्याच्या पट्टीने तुकडे पाडतात, ते पावाच्या चुऱ्यात घोळवतात आणि फुगल्यावर भाजतात. त्यामुळे वरून किंचित खरखरीत आणि आत कापसासारखा पाव खाकी पिशवीतून हाताला चटके देतो. लोक तो कॉफीत बुडवून खातात. एका प्रकारात शेवग्याचा पाला घालतात, शेवग्याला तिथे मालुंगाय म्हणतात. जांभळ्या सारणाचे पाव 'उबे'चे असतात, आणि उबे म्हणजे आपले कोनफळ, हे कळले तेव्हा मला उंधियू आठवला. लोणी, साखर आणि किसलेले चीज घातलेली एन्सायमादा मात्र मला फार जड वाटली.

आता मी त्यांची 'सुकी', म्हणजे नेहमीचे गिऱ्हाईक, झाले आहे. मागच्या आठवड्यात पिवळा डबा संपला होता, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच आतेंनी पिशवी मागे ओढली आणि हात हलवून सांगितले, 'मांतिका!' त्या दिवशी घरी पोहे केले.