आमची वाटचाल : कृष्णेच्या मळीवरचा कॅफे

हरिपूरला कृष्णा आणि वारणा एकमेकींना भेटतात. सांगलीकरांना हे सांगायला नको. संध्याकाळी संगमेश्वराच्या घाटावर येऊन बसणं ही इथली जुनी रीत आहे, आणि श्रावणी सोमवारी तर घाटावर पाय ठेवायला जागा मिळत नाही. पलीकडच्या काठावर कोथळी, म्हणजे नदी ओलांडली की कोल्हापूर जिल्हा. गाव तसं लहान, पण नाटककार गोविंद बल्लाळ देवलांचं गाव म्हणून आणि हळदीच्या पेवांचं, म्हणजे हळद साठवायच्या जमिनीखालच्या कोठारांचं, गाव म्हणून त्याचं नाव मोठं. या गावात, नदीला लागून असलेल्या आमच्या मळीच्या, म्हणजे पुराच्या गाळाच्या, रानात आम्ही दसऱ्यानंतर ते मृगापर्यंत कॅफे चालवतो. आम्ही म्हणजे मी, माझे मिस्टर, धाकटे भाऊजी आणि माझी जाऊ. कामाला गावातल्याच बायका आणि दोन मुलं.

कॅफेची मूळ कल्पना जाऊबाईंच्या माहेराकडून आली. त्या मालवणजवळच्या देवबागच्या. कर्ली नदी तिथे समुद्राला मिळते, आणि त्यांच्या वडिलांची किनाऱ्यावर माडाखाली चार टेबलांची खानावळ होती. भाऊजींनी लग्नाआधी काही हंगाम गोव्यात एका शॅकमध्ये काढले होते. त्यामुळे आमच्या घरात जेवताना किनाऱ्यावरच्या हॉटेलांच्या गोष्टी नेहमीच निघायच्या. गोव्यातले ते शॅक बांबू आणि झावळ्यांचे असतात, पर्यटनाच्या हंगामापुरता सरकारी परवाना मिळतो आणि पावसाळ्याआधी ते सगळे उतरवावे लागतात. पुढच्या हंगामात पुन्हा उभे करायचे. भाऊजी हे सांगायचे तेव्हा मामंजी ऐकत बसायचे. एकदा ते म्हणाले, "म्हणजे समुद्राचं देणं समुद्राला देऊन टाकायचं. आपल्या मळीतबी दुसरं काय करतो आपण?" खरोखरच मळीचं रान तसंच असतं. पावसाळ्यात ते नदीचं, आणि पाणी ओसरलं की आपलं. जाताना नदी गाळ टाकून जाते, म्हणून तर कृष्णाकाठच्या वांग्याला ती चव आहे.

पुराबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण आमच्या धंद्यातली प्रत्येक गोष्ट त्यावरून ठरली आहे. सांगलीत नदीची पातळी मोजायची ती आयर्विन पुलावर. १९२९ सालचा हा पूल, आणि त्याच्यावरचे फुटांचे आकडे इथल्या पोरासोरांना पाठ असतात. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ फूट म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. आमच्या रानाचा तर पत्ताच नव्हता, विहिरीवरचा आंबा फक्त शेंड्याला दिसत होता. त्याआधी २००५ चा पूर आला तेव्हा गावातल्या पेवांत पाणी शिरलं आणि साठवलेली हळद गेली. मामंजींची दोन पेवं त्यात कायमची बसली. २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर.

अशा जागेवर पक्कं बांधकाम करायचं मनातही आणू नये. कायद्यानेही करता येत नाही. पाटबंधारे खातं नदीकाठी दोन रेषा आखतं : निळी आणि लाल. साधारण २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, आणि १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्याची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई. आमच्या रानाचा खालचा सगळा पट्टा निळ्या रेषेत येतो. आम्हाला बऱ्याच जणांनी सल्ला दिला की पत्र्याची शेड मारून टाका, कोण बघतंय. आमच्या मनाला ते पटलं नाही. नदीची वाट अडवून लोकांना नदी दाखवायला बोलवायचं, हे कुठल्या तोंडाने करणार?

मग स्वयंपाकघर कुठे करायचं? त्याचं उत्तर आमच्या अंगणातच उभं होतं. ऊस वाहायची जुनी ट्रॉली. गावातल्या वेल्डरने तिच्या बाजू कापून खाली पडणाऱ्या फळ्या केल्या. फळी खाली टेकवली की तिचाच ओटा होतो. एका कोपऱ्यात दोन शेगड्या, बाहेरून उघडणाऱ्या कप्प्यात सिलिंडर, मधे भाकरीचा मोठा तवा, मागच्या बाजूला पाण्याची टाकी, आणि वर ताडपत्रीचं छत, नळ्या काढल्या की घडी होणारं. भाकरी थापणाऱ्या दोघींना उभं राहून काम करता यावं म्हणून त्या बाजूचा ओटा त्यांच्या कमरेच्या मापाने घेतला. ट्रॅक्टर जोडला की अख्खं स्वयंपाकघर बांधावरून वर गावात. ऑक्टोबरात कधी अवकाळी मोठा पाऊस होतो, कोयना धरणातून विसर्ग वाढल्याची बातमी येते. तिथलं पाणी इथवर पोचेपर्यंत आमच्या हातात आवरायला पुरेसा वेळ असतो. बाजा, चौरंग, दिव्यांच्या तारा, सगळं एका दुसऱ्या ट्रॉलीत बसतं. जमिनीत आम्ही काहीही रोवलेलं नाही, बांबूसुद्धा वाळूने भरलेल्या डब्यांत उभे आहेत.

पैशाची बाजू थोडक्यात : एका वर्षीचे हळदीचे पैसे, थोडं पतसंस्थेचं कर्ज आणि जाऊबाईंनी स्वतःहून पुढे केलेल्या पाटल्या. त्या पाटल्या दुसऱ्याच हंगामात सोडवून आणल्या. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, अन्न सुरक्षेची नोंदणी, पाण्याची तपासणी हे सगळं रीतसर केलं.

समुद्राची वाळू आणि नदीची मळी यांत फार फरक आहे. वाळू पाणी शोषून लगेच मोकळी होते. मळीची माती चिकट. पहाटे दव पडलं तरी चप्पल धरून ठेवते, आणि उन्हाळ्यात भेगाळते. खुर्चीचे पाय तर रुतणारच. म्हणून आम्ही खाली उसाच्या पाचटाचा जाड थर देतो, त्यावर गोणपाट, आणि त्यावर बाजा आणि चौरंग. पाचटाला ठिणगी लागायला वेळ लागत नाही, त्यामुळे ट्रॉली लांब, आणि विडी-सिगारेटला पूर्ण बंदी. हंगाम संपला की ते पाचट तिथेच कुजवतो, वांग्यांना खत होतं.

दुसरा फरक मोठा. समुद्रावर आलेला माणूस आधी पाण्यात पाय घालतो, मग जेवायला बसतो. आमच्याकडे पाण्यात कुणीही उतरायचं नाही. सांगलीच्या परिसरात कृष्णेत मगरी आहेत; थंडीत काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. भिलवडी, औदुंबर, डिग्रज इकडच्या लोकांना हे चांगलं माहीत आहे, आणि माणसांवर हल्लेही झालेले आहेत. म्हणून पाण्यापासून बऱ्याच अंतरावर आमचं जाळीचं कुंपण आहे, संध्याकाळी एक मुलगा फक्त तेवढंच बघायला उभा असतो, आणि उष्टं-खरकटं नदीकडे जाणार नाही याची आम्ही कडक काळजी घेतो. अन्नाचा वास लागला की कुत्री काठावर येतात, आणि कुत्र्यांमागे मगर. पुण्या-मुंबईचे पाहुणे कधीकधी हट्ट करतात, फक्त एक फोटो. आमचं उत्तर ठरलेलं आहे. मगर तिच्या घरी आहे, तिला त्रास व्हायला नको आणि आपल्यालाही नको.

खाण्याचं म्हणाल तर आधी मासे. ते आम्ही ठेवत नाही. जाऊबाईंच्या हातची माशांची आमटी खाल्लेल्या मला हे लिहिताना जड जातं, पण घाट जवळ आहे, देवदर्शन करून आलेली माणसं आमच्याकडे बसतात, आणि गावाचा मान ठेवणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. त्याऐवजी इथल्या मातीत पिकतं ते. भरलं वांगं आणि ज्वारीची भाकरी हा आमचा मुख्य पदार्थ. वांगं सकाळी तोडलेलं असतं, पाहुणा बसतो तिथून त्याचा वाफा दिसतो. वांग्याचे काप, खर्डा, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दही. खपली गव्हाची खीर रविवारी. थंडीत हुरडा. गोड धिरडी आणि काकवी मुलांसाठी. भडंग तर असणारच. सांगलीत येऊन भडंग न देणारं हॉटेल कुणी बघितलंय? आमच्यात लसूण जरा पुढे असतो आणि घरच्या हळदीचा रंग.

हळदीवरून आठवलं. आमच्याकडे हळदीचं पान कुणी स्वयंपाकात वापरत नव्हतं, रानात पडून वाळायचं. जाऊबाई पहिल्यांदा रानात आल्या तेव्हा त्यांनी पानं हुंगली आणि आमच्याकडे आश्चर्याने पाहिलं. कोकणात नागपंचमीला याच पानात पातोळे उकडतात. तिथे परसात दोन-चार रोपं जपून लावलेली असतात, आणि इथे एकरांनी पानं. त्या वर्षीपासून दिवाळीनंतर, पानं हिरवी आहेत तोवर, आम्ही पातोळे करतो. तांदळाच्या पिठाचा पातळ थर, त्यावर ओला नारळ आणि आपल्याकडचा गूळ, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात ठेवायचं. झाकण काढल्यावर जो वास सुटतो त्याने पलीकडच्या बाजेवरची माणसं उठून विचारायला येतात. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, देशभर तिचं नाव आहे, आणि तिचं पान मात्र आम्हाला मालवणच्या लेकीने ओळखवून दिलं.

पाहुण्यांना आम्ही एक पेवही दाखवतो. वरच्या रानात मामंजींनी नव्याने साफ करून घेतलेलं आहे. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल एवढं. आत मात्र पोट मोठं होत गेलेलं. आतून शेणाने सारवायचं, पाला-पेंढ्याचं अस्तर द्यायचं, हळद भरायची आणि तोंड मातीने बंद करायचं. हळद त्यात वर्षानुवर्षं कीड न लागता राहते. उघडताना घाई करायची नाही. आत कोंदलेली हवा बाहेर जाऊ द्यायला काही तास ठेवायचं, मगच माणूस उतरवायचा. घाई केली तर जिवावर बेतायचं. आमच्या पेवावर लोखंडी जाळी आहे, वाकून बघायचं, बस्स. शाळेच्या सहली येतात तेव्हा मामंजी स्वतः उभे राहून समजावतात. आम्ही कुणी सांगायला गेलो तर त्यांना चालत नाही.

चालवण्याची पद्धत साधी आहे. ट्रॉलीपाशी सांगायचं, नंबर घ्यायचा, आवडेल त्या बाजेवर बसायचं. आपला नंबर पुकारला की ताट घेऊन जायचं. म्हातारी माणसं आणि लेकुरवाळ्या बायका यांना आम्ही नेऊन देतो. एका चहावर कुणी दोन तास बसलं तरी त्याला उठवायचं नाही, हा नियम मी पहिल्या दिवशी केला आणि तो मोडलेला नाही. रविवारी गर्दी असते तेव्हा भाऊजींची घालमेल होते, मला दिसते. पण माणसं नदीकाठी येतात ती घड्याळ विसरायला. निवांत बसलेला माणूस तासाभराने पुन्हा भाकरी मागतो, आणि जाताना घरच्यांसाठी भडंग बांधून नेतो. आमचा हिशोब त्या बांधून नेण्यावर बराचसा तरतो, हे वहीत स्पष्ट दिसतं. मोठ्याने गाणी लावत नाही. वाढदिवसाला डीजे विचारणाऱ्यांना नम्रपणे नाही म्हणतो. लग्नाआधीच्या फोटोंसाठी अख्खी जागा मागणारे येतात, त्यांना सोमवार ते गुरुवार सकाळची वेळ देतो. शनिवार-रविवार ही जागा सांगलीकरांची.

नदीचं दुखणं मात्र झाकून ठेवावंसं वाटत नाही. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की सांडपाण्याचा वास येतो, कधी मासे मरून वर येतात. त्या दिवसांत आम्ही फोनवर आधीच सांगतो, आज येऊ नका. धंदा बुडतो, पण लांबून आलेल्या माणसाला नाक दाबून जेवायला लावणं बरं नव्हे. आमच्या भांड्यांचं पाणी केळीच्या आळ्यांत सोडलेलं आहे, एक थेंब नदीत जात नाही. एवढ्याने नदी स्वच्छ होणार नाही हे आम्हाला कळतं. तरी ज्या काठावर पोट भरतं, तो आपल्याकडून तरी घाण होऊ नये, यासाठी जेवढं हातात आहे तेवढं करतोच.

पावसाळ्याचे चार महिने कामावरच्या बायकांचं काय, हा प्रश्न सुरुवातीपासून माझ्या डोक्यात होता. त्यांच्या घरच्या चुली आमच्यावर अवलंबून होत्या. आता जूनपासून आमच्या घरच्या पडवीत भडंग, शेंगदाण्याची चटणी आणि हळदीची पूड यांचं काम चालतं. दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरीही येतात. ज्यांना रानातली भांगलण सोयीची पडते त्या तिकडे जातात आणि दसऱ्याला परत येतात. जागा त्यांचीच असते.

येत्या हंगामात एक नवीन काम हातात घेतलं आहे. बांधावरून खाली मळीत उतरताना वयस्कर माणसांची अडचण होते. एकेकाळी रोज घाटावर येणारी माणसं आता गुडघ्यांमुळे वरच गाडीत बसून राहतात आणि नातवंडं त्यांना ताट नेऊन देतात. ते बघवत नाही. म्हणून गावातल्या सुताराकडून बाभळीच्या फळ्यांची उतरती वाट करून घेत आहोत, दोन्ही बाजूंना धरायला दांडा, चाकांची खुर्ची जाईल एवढी रुंद. एकूण वाट लांब आहे, पण तिचे तुकडे केलेत, आणि प्रत्येक तुकडा दोन माणसांनी उचलून ट्रॉलीत टाकता येईल एवढ्याच वजनाचा ठेवायचा, हे सुताराला आधीच सांगून ठेवलंय.